रसायन घ्यावें कीं सोडावें?

गेल्या ज्येष्ठांत आमच्या घरीं एका प्रश्नानें दोन रात्री जेवणें लांबविलीं. धाकट्या बंधूंची नात मराठी माध्यमांतून दहावी उत्तम गुणांनीं उत्तीर्ण झाली. अकरावीस शास्त्रशाखा घेण्याविषयीं दुमत नव्हतें; परंतु ऐच्छिक विषयांत रसायनशास्त्र नको, असा तिनें हट्ट धरिला. तिच्या काकांनीं आधारही काढिला : अभियांत्रिकीच्या पुष्कळ शाखांस भौतिकशास्त्र व गणित अनिवार्य, रसायनाच्या जागीं दुसरा विषय चालतो. गोष्ट खरी, पण अर्धी. त्याच शाखांसाठीं राज्याची जी प्रवेशपरीक्षा होते, तींत रसायनाचे ५० प्रश्न असतातच. आणि वैद्यक व औषधनिर्माण यांचें दार तर रसायनावांचून उघडतच नाहीं. छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज-चिकलठाण्यांत औषधांचे कारखाने उभे असतां येथल्या मुलीनें तें दार सोळाव्या वर्षीं आपल्याच हातानें लावून घ्यावें, हें मला रुचेना.

खोदून विचारतां उलगडा झाला. भय रसायनाचें नव्हतें, भाषेचें होतें. दहावीपर्यंत ‘क्षपण’, ‘अवक्षेप’ म्हणून जें ओळखीचें, तें अकरावीस एकाएकीं इंग्रजी वेष घेऊन समोर यावयाचें. या शहरास हा प्रसंग नवा नाहीं. येथील शासकीय महाविद्यालय १९२३ सालीं निघालें तें उस्मानिया विद्यापीठाच्या छत्राखालीं. आणि त्या विद्यापीठांत शास्त्रविषयही उर्दूंतून शिकवीत. रसायनास तेथें ‘कीमिया’ म्हणत.

मी मॅट्रिकपलीकडे शिकलों नाहीं. जन्म संस्कृत शिकविण्यांत गेला. परंतु शब्द फोडणें हें तर आमचेंच काम! रोज संध्याकाळीं दिवेलागणीनंतर आम्हीं दोघांनीं पांच-पांच शब्द घेतले. क्षपण म्हणजे घटविणें. ‘रिडक्शन’चा अर्थही तोच. अवक्षेप म्हणजे खालीं टाकलेलें. ‘प्रेसिपिटेट’च्या मूळ लॅटिन शब्दांतही खालीं लोटण्याचाच भाव आहे. ‘ऑक्सिजन’ म्हणजे आम्लजनक. प्रत्येक आम्लांत हा वायु असतो, अशा समजुतीनें लाव्हाझिएनें तें नांव दिलें; पुढें हायड्रोक्लोरिक आम्लांत तो नाहीं असें ठरलें, तरी नांव राहिलें. आपला ‘प्राणवायु’ त्याहून खरा, असें म्हणण्याचा मोह मला आवरला नाहीं. महिन्याभरांत मुलीचा हट्ट गळाला.

उरली प्रयोगशाळा. बारावीस लेखी परीक्षा ७० गुणांची व प्रात्यक्षिक ३० गुणांचें. हल्लीं नांव महाविद्यालयांत आणि दिवसभर मुक्काम खाजगी वर्गांत, अशी सोय कांहीं ठिकाणीं असते. एका संस्थेंत मी चौकशीस गेलों, तों प्रयोगशाळेस कुलूप, आणि वर उत्तर मिळालें, “प्रात्यक्षिकाचे गुण मिळतात, काळजी नको.” मी उठून आलों. जेथें मुलांच्या हातीं ब्यूरेट खरोखर येते, असें महाविद्यालय घरापासून दूर होतें, तेंच घेतलें.

दिवाळीच्या सुटींत तिनें स्वयंपाकघरांत दोन बाटल्या मांडल्या. एकींत नाथसागराचें नळाचें पाणी, दुसरींत विंधनविहिरीचें. दोहोंत सारखाच साबण घालून हालविलें. पहिलींत फेंस उभा राहिला, दुसरींत नुसता पांढुरका साका. कॅल्शियम व मॅग्नेशियम यांच्या क्षारांमुळें साबण असा वायां जातो, असें तिनें सांगितलें. तुरीची डाळ या पाण्यांत लवकर शिजत नाहीं, तीही याच क्षारांमुळें. माझ्या भावजयींनीं आजवर डाळीबद्दल दुकानदारास बोल लाविला होता. त्या कांहीं वेळ गप्प राहिल्या, मग पाणी तापविण्याचें जुनें पातेलें आणून त्याच्या तळाचा पांढरा थर नखानें खरवडीत म्हणाल्या, “मग हें काय ग?”

“अवक्षेप, आजी,” ती म्हणाली.