गाठ एकाच्या डोक्यात, घोर साऱ्या घराला

परांडा तालुक्यातल्या काळभैरवनाथाच्या सोनारीहून जवळचं कॅन्सर हॉस्पिटल म्हणजे बार्शीचं नर्गिस दत्त मेमोरियल. देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ साली बार्शीतच सुरू झाली. अशा नोंदवहीत पेशंट मोजला जातो. बाकावर पिशवी घेऊन बसलेल्या त्याच्या बायकोची, आईची किंवा भावाची झोप किती उडाली, याला रकाना नसतो. मेंदूच्या गाठीत तर हाच माणूस सगळ्यात जास्त पिचतो.

हे दुखणं वेगळं का?

गाठ मेंदूच्या कोणत्या भागात आहे, त्यावर माणसाचं बोलणं, चालणं, आठवण आणि स्वभावही बदलतो. शांत नवरा अंगावर ओरडतो, नाव विसरतो, तोच प्रश्न दहादा विचारतो. सूज उतरवायला दिलेल्या डेक्सामेथासोनसारख्या स्टेरॉइडनं भूक वाढते, झोप उडते, चिडचिड होते. गावात कुणी ‘बाहेरचं झालंय’ म्हणतं. घरच्यांना मात्र माणूस डोळ्यांसमोर असून हरवल्यासारखा वाटतो. हा राग आजाराचा आहे, माणसाचा नाही, हे डॉक्टरांनी एकदा नीट सांगितलं तरी मनावरचं निम्मं ओझं उतरतं.

फिट आली तर

घरच्यांना सर्वांत मोठी धास्ती हिचीच. पेशंटला कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ कापड ठेवा, गळ्याभोवतीचे कपडे सैल करा, घड्याळ बघा. चप्पल किंवा कांदा हुंगवू नका, तोंडात चमचा घालू नका, हातपाय दाबून धरू नका. फिट पाच मिनिटांत थांबली नाही किंवा लागोपाठ आली तर १०८ ला फोन करा. घरातल्या पोरांनाही हे शिकवून ठेवा.

पैसा आणि मुक्काम

ग्लिओब्लास्टोमासारख्या गाठीत रेडिएशन बहुधा आठवड्याला पाच दिवस, असं सहा आठवडे चालतं. म्हणजे दीड महिना घर, जनावरं आणि शाळेतली पोरं दुसऱ्याच्या भरवशावर. खर्चासाठी महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे. दाखल होण्याआधी हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला भेटा. संजय गांधी निराधार योजनेची चौकशी परांड्याच्या तहसील कचेरीत होते. गाठ कर्करोगाची असेल तर उपचारासाठी जाताना रेल्वेच्या स्लीपरमध्ये पेशंटचं भाडं माफ आणि सोबत्याला ७५ टक्के सवलत मिळते. त्यासाठी हॉस्पिटलचा दाखला लागतो. कुर्डुवाडीहून मुंबई गाठणाऱ्यांनी तो आधीच घ्यावा. परळच्या टाटा हॉस्पिटलला गेलेल्यांना दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि नाना पालकर स्मृती समिती हे जुने आधार आहेत.

सांभाळणाऱ्याची लक्षणं

रात्ररात्र झोप नाही, जेवणावरून मन उडालं, स्वतःच्या बीपी-शुगरच्या गोळ्या चुकतात, कारण नसताना रडू येतं, ‘सुटलो तर बरं’ असा विचार येतो आणि मग त्याचीच लाज वाटते. असा विचार आला म्हणून माया आटली असं नाही. माणूस दमलाय, एवढंच. दोन आठवडे असंच चाललं तर डॉक्टरांना सांगावं. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनच्या १४४१६ क्रमांकावर मराठीत, फुकट आणि केव्हाही बोलता येतं. जीव नकोसा वाटत असेल तर वाट न बघता त्याच क्षणी फोन करावा.

भावकीनं काय करावं?

भेटायला येणारे सफरचंदं आणतात, तासभर बसतात. चहा मात्र पेशंटला सांभाळणाऱ्या बाईनंच करायचा. त्यापेक्षा कामं वाटून घ्या. एकानं धारा काढाव्यात, एकानं पोरांचे डबे बघावेत, एकानं एमआरआयची फाइल आणि गोळ्यांच्या वेळा वहीत लिहून ठेवाव्यात. आठवड्यातून एक रात्र दुसऱ्या कुणीतरी पेशंटजवळ झोपावं. रडतेय म्हणून ‘धीर धर’ सांगू नये. जवळ बसून ऐकावं.

पुढच्या वेळी त्या घरी गेलात, तर ‘पेशंट कसाय?’ विचाराच. पण त्याआधी तिला म्हणा, “ताई, तू दोन तास झोप. मी बसतो इथं.”