बॉनेट उघडतं, गाडी उघडत नाही

२२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं आणि काही भागांत पहिल्या मजल्यापर्यंत चढलं. पाणी ओसरल्यावर गाळाने माखलेल्या गाड्या टोचन करून गॅरेजांकडे निघाल्या. पुरात बुडालेली कार्बोरेटरची गाडी पुन्हा चालू करायची रीत जुन्या मिस्त्रींना पाठ असते. प्लग काढून सिलिंडरमधलं पाणी बाहेर काढायचं, टाकी रिकामी करायची, ऑइल दोनदा बदलायचं, डिस्ट्रिब्युटर कोरडा करायचा. नव्या गाडीला एवढं पुरत नाही. तिची कंट्रोल युनिटं सीटखाली, डॅशबोर्डमागे, कधी पायाशी कार्पेटखाली असतात आणि त्यांना जोडणारं वायरिंग साऱ्या गाडीभर पसरलेलं असतं. कप्लरमध्ये गढूळ पाणी शिरलं की आतल्या पिना हळूहळू हिरव्या पडतात. आज चालू झालेली गाडी दोन महिन्यांनी भर घाटात बंद पडू शकते. म्हणूनच वरून धडधाकट दिसणारी गाडीही विम्यात ‘टोटल लॉस’ ठरते. दुरुस्तीचा खर्च पॉलिसीत लिहिलेल्या किमतीच्या ७५ टक्क्यांवर गेला की गाडी दुरुस्तीत धरतच नाहीत.

पूर्वी कुर्ल्यात बनणारी प्रीमियर पद्मिनी ज्यांनी वापरली, त्यांना हा फरक सांगावा लागत नाही. गणपतीला चाकरमान्यांना घेऊन येताना ती कशेडी घाटात तापायची, बॉनेट उघडून थोडी निवू दिली, रेडिएटरमध्ये पाणी ओतलं की पुढे निघायची. मिसिंग मारायला लागली तर दोन क्लिपा सोडवून डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढायचं. आत कॉन्टॅक्ट पॉइंट, म्हणजे इंजिनाबरोबर उघडमीट करणाऱ्या धातूच्या दोन टिकल्या. त्यांच्यावर काजळी धरली असेल तर पॉलिश पेपरने घासायच्या, फिलर गेज घालून मधलं अंतर साधारण अर्धा मिलिमीटर ठेवायचं आणि झाकण लावायचं. बिघाड डोळ्यांना दिसायचा, म्हणून तो अंगणात दुरुस्त व्हायचा. आता त्या टिकल्यांचं काम ईसीएम, म्हणजे इंजिनाचं कंट्रोल युनिट, करतो. एक सेन्सर क्रँक कुठे आहे ते सांगतो, दुसरा सायलेन्सरकडे जाणाऱ्या धुरातला ऑक्सिजन मोजतो, आणि त्यावरून ठिणगी कधी पडायची, पेट्रोल किती सोडायचं हे दर फेऱ्याला ठरतं. यातलं काही बिनसलं तर बॉनेटखाली बघून काहीच कळत नाही.

हे सगळं कंपन्यांनी उगाच केलं असं म्हणणं अन्यायाचं होईल. आपल्या देशाने बीएस-५ ओलांडून १ एप्रिल २०२० पासून थेट बीएस-६ हे धुराच्या प्रदूषणाचे निकष लागू केले. डिझेल कारच्या धुरातल्या नायट्रोजन ऑक्साइड्सची मर्यादा दर किलोमीटरला २५० मिलिग्रॅमवरून ८० वर आली, काजळीची २५ वरून ४.५ वर. जुना पंप आणि जुने नोझल कितीही हात फिरवला तरी इथवर पोचणारे नव्हते. त्यासाठी डिझेल फार बारीक फवारावं लागतं, आणि कॉमन रेल इंजिनात त्याचा दाब १,६०० बार आणि त्याहूनही वर जातो. टायरमधली हवा असते दोन-सव्वादोन बार. पूर्वी डिझेल संपून गाडी बंद पडली की सेल्फ मारता मारता नोझलचा नट ढिला करून ‘एअर काढायचे’. ट्रॅक्टर चालवणाऱ्या पोरालाही ते जमायचं. कॉमन रेलवर तेच करायला गेलं तर उडणारी बारीक धार कातडीतून आत घुसते. असा नट चालू इंजिनावर कुणीही सोडू नये, हे मी कळकळीने सांगतो.

बीएस-६ डिझेलमधल्या काजळीच्या फिल्टरचा त्रास रत्नागिरीसारख्या गावात जास्त जाणवतो. हा डीपीएफ काजळी धरून ठेवतो आणि साधारण ६०० अंशांपर्यंत तापला की ती जाळून टाकतो. तेवढा तापायला गाडी मोकळ्या रस्त्यावर सलग पळावी लागते. मारुती मंदिर ते मांडवी, मांडवी ते साळवी स्टॉप एवढ्याच चकरा मारणाऱ्या गाडीचा फिल्टर तापतच नाही, आणि एक दिवस डॅशबोर्डवर दिवा लागतो. सुरुवातीलाच महामार्गावर वीस-पंचवीस मिनिटं एकसारख्या वेगाने गाडी चालवली तर बहुतेक वेळा काम भागतं. दुर्लक्ष केलं तर स्कॅनर लावून फिल्टरमधली काजळी जाळून घ्यावी लागते, आणि तेही साधलं नाही तर फिल्टर बदलावा लागतो. डिझेल गाडी विकणाऱ्याने ‘रोज किती किलोमीटर चालवणार’ हे आधी विचारायला हवं, असं माझं स्पष्ट मत आहे.

इथवरची गुंतागुंत मला मान्य आहे, कारण स्वच्छ हवा हवी तर ती येणारच. ब्रेकचंही तसंच. २०१९ पासून सगळ्या नव्या कारना एबीएस सक्तीचं झालं आणि पावसाळ्यात आंबा घाट उतरणाऱ्याला त्याची किंमत कळते. माझा राग वेगळ्या गोष्टीवर आहे. इलेक्ट्रिक हँडब्रेक असलेल्या कित्येक गाड्यांत मागचे ब्रेकपॅड बदलायचे तर आधी स्कॅनरवरून ब्रेकला ‘सर्व्हिस मोड’मध्ये घालावं लागतं. काम तेच, पाने तेच. फक्त ती आज्ञा देणारं सॉफ्टवेअर बाहेरच्या गॅरेजवाल्याला मिळेलच असं नाही. किल्लीतली चिप आणि ईसीएम यांची जुळणी करायलाही अनेकदा कंपनीची परवानगी लागते.

हे गाऱ्हाणं केवळ गॅरेजवाल्यांचं नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ कार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला, तो याच कारणासाठी. सुटे भाग, दुरुस्तीची माहितीपुस्तकं आणि तपासणीची यंत्रं खुल्या बाजारात मिळू न दिल्याने ग्राहक अधिकृत वर्कशॉपला बांधला जातो, असं आयोगाने म्हटलं. पुढे अपिलं झाली. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्याने २०१२ मध्येच कायदा करून ही माहिती खुली करायला लावली. आपल्याकडे ग्राहक व्यवहार खात्याने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टु रिपेअर’ पोर्टल सुरू केलं, त्यात वाहनंही आहेत. पण कंपन्यांना बांधील करणारा कायदा अजून हवा आहे.

मोठ्या शहरात एका वर्कशॉपला पर्याय म्हणून दुसरं सापडतं. राजापूरच्या माणसाला गाडी घेऊन साठ किलोमीटरहून जास्त रत्नागिरीपर्यंत यावं लागतं, आणि गाडी बंद असेल तर टोचनचा खर्च वेगळा. तो जवळच्या गॅरेजात जाईल, कारण तिथला माणूस हुशार आहे. समजा स्कॅनरने ‘पी०३०१’ हा कोड दाखवला. पहिल्या सिलिंडरमध्ये मिसफायर आहे, एवढंच त्यातून कळतं. दोष प्लगचा आहे, कॉइलचा, इंजेक्टरचा की उंदराने कुरतडलेल्या वायरचा, हे शोधणं माणसाचंच काम. चांगला मिस्त्री पहिल्या आणि दुसऱ्या सिलिंडरच्या कॉइलची अदलाबदल करतो. कोड ‘पी०३०२’ झाला तर दोष कॉइलचा. तसाच राहिला तर तो प्लग बघतो, मग वायर चाचपत जातो. कोकणात पावसाळ्यात उंदीर उबेला इंजिनात शिरतात, हे त्याला ठाऊक असतं. कुरतडलेली वायर सापडली की थोड्या नव्या वायरीत आणि टेपमध्ये काम होतं. साधे कोड वाचणारा छोटा स्कॅनर आता कुणीही विकत घेऊन मोबाइलला जोडू शकतो, त्यामुळे निदान एवढं तरी खुलं आहे. पण त्याच गाडीचा ईसीएम पुरात गेला, तर नवा ईसीएम विकत आणूनही हा मिस्त्री ती सुरू करू शकेलच असं नाही. वायरिंगचा नकाशा आणि किल्ली जुळवण्याचा परवाना त्याला वाजवी फी भरून मिळायला हवा. अधिकृत वर्कशॉपच्या माणसाला तो मिळतो, आणि गाडीचे पैसे तर मालकाने आधीच मोजलेले असतात.