घर हवे, पण कसे?

भूकंपात पडलेले घर पुन्हा बांधताना त्याची मजबुती जितकी महत्त्वाची, तितकीच त्यात राहणाऱ्यांची अपेक्षाही. किल्लारीच्या अनुभवातून हे चांगले समजते.

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास लातूर व उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांत भूकंप झाला. सुमारे आठ हजार माणसे दगावली, त्यांतील बहुतेक स्वतःच्याच घरांच्या ढिगाऱ्याखाली. वाचलेल्यांचे म्हणणे साहजिक होते : दगडाचे घर नको आणि ही जागाही नको.

पण दोष दगडाचा होता का? तिथल्या जाड भिंती एकसंध नव्हत्या. आत आणि बाहेर दगडांचा एकेक थर, मधे माती व कपच्यांची भर. दोन्ही थरांना बांधून ठेवणारे आरपार दगड नसल्याने धक्क्यासरशी ते सुटले व भिंती ढासळल्या. शिवाय वस्तुमान जितके जास्त, तितके भूकंपाचे बल जास्त. म्हणून माळवदावरचा मातीचा जाड थरही घातक ठरला.

हे वर्गात दाखवता येते. ट्रेमध्ये काडेपेट्यांच्या दोन समांतर भिंती रचा, मधे वाळू भरा आणि ट्रे हलवा. मग दोन्ही भिंतींना जोडणाऱ्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या चिकटवून तोच प्रयोग पुन्हा करा. फरक विद्यार्थ्यांनाच सांगू द्या.

पुनर्वसनात ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. जमीनधारणेनुसार २५०, ४०० किंवा ७५० चौरस फुटांची घरे मिळाली. ती भक्कम होती; पण सरळ रस्त्यांच्या आखणीत अनेक ठिकाणी गुरांचा गोठा, मोठे अंगण आणि भावकीचा शेजार हरवला. सुरक्षितता मिळाली, राहणीची सोय निसटली.

इतर अनेक गावांत जुनी घरेच मजबूत करायची होती : भिंतीत आरपार दुवे घालणे, माळवदावरची माती कमी करणे. शेजारच्या गावाला नवे घर आणि आपल्याला डागडुजी, हे लोकांना पटेना. तेव्हा गावातल्याच महिला मंडळांतील स्त्रिया ‘संवाद सहायक’ झाल्या. त्यांनी घरोघरी जाऊन तंत्र समजावले आणि लोकांच्या अडचणी अधिकाऱ्यांपर्यंत पोहोचवल्या.

भीतीपोटी आलेल्या मागणीला विज्ञानाने कारणासह उत्तर द्यावे. मात्र गोठा कुठे हवा, हे गावकऱ्यांनाच विचारावे. ते कोणत्याही सूत्रातून निघत नाही.