व्हॅनच्या छतावर सोलर टाकण्याआधी एक कागद भरा

या आठवड्याच्या व्हिडिओत कॅम्पर व्हॅनचं सोलरचं गणित मी फळ्यावर मांडलं. ते गणित मला कुठून कळलं, हे मात्र सांगितलं नाही. कॅमेऱ्यासमोर जरा अवघड वाटलं, म्हणून इथे लिहितोय.

मे महिन्यातली गोष्ट. पहाटे तीनला फोन वाजला. माझ्याच बॅचचा एक मुलगा, आचऱ्याचा. जुनी ट्रॅव्हलर घेऊन तिची राहण्याची व्हॅन केलेली, बँकेचं कर्ज काढून. पहिलंच बुकिंग, पुण्याचं चौघांचं कुटुंब, गाडी तारकर्लीच्या बाजूला सुरूच्या बनात उभी. "दादा, फ्रीज बंद पडलो. पंखे पण बंद. पावण्यांका काय सांगू?"

काय सांगणार? मला उत्तर सुचलं नाही. सकाळी मसाला लावून ठेवलेली सुरमई टाकून द्यावी लागली, रात्रभर घामाने भिजलेले पाहुणे नाश्त्याआधीच निघाले आणि पोराने दोन रात्रींचे पैसे परत केले. आणि ती बॅटरी, तो इन्व्हर्टर, ते पॅनल, सगळं माझ्या दुकानातून गेलेलं होतं. मीच "हे पुरेल रे" म्हणून बांधून दिलेलं.

माझा समज असा होता की मला बॅटरीतलं कळतं. मे 2021 मध्ये तौक्ते वादळ आलं तेव्हा आपल्याकडे किती दिवस अंधार होता ते आठवत असेल. त्यानंतर दुकानातून इन्व्हर्टर भराभर गेले. त्या अनुभवावर मी व्हॅनलाही तेच दिलं: 150 एएचची ट्यूब्युलर बॅटरी, घरगुती इन्व्हर्टर, छतावर 165 वॅटचं एक पॅनल. फ्रीज त्याने घरातला जुना सिंगल डोअर बसवला आणि मी त्यालाही हो म्हटलं.

चूक कुठे झाली? घरचा इन्व्हर्टर दोन-तीन तास ओढतो, मग लाईट येते आणि बॅटरी परत भरते. लाईट गेल्यावर वेळ मारून नेणं एवढंच त्याचं काम. व्हॅनमध्ये लाईट "येतच" नाही. दिवसभरात जेवढं भरलं तेवढ्यातच रात्र काढायची. आणि तिथे दिवसभर गाडी सावलीत होती, म्हणजे भरलंही नव्हतं.

मग आम्ही दोघं दुकानाच्या काउंटरवर वही घेऊन बसलो. संध्याकाळी सहा ते पहाटे तीन, नऊ तासांत काय काय खाल्लं? फ्रीज 90 वॅटचा, कॉम्प्रेसर निम्मा वेळ चालला असं धरलं तर 405 वॅट-अवर. दोन पंखे मिळून 100 वॅट, सहा तास, म्हणजे 600. दिवे 100, मोबाईल 80. आणि ज्याचा कोणी विचारच केला नव्हता तो इन्व्हर्टर. काही चालू असो वा नसो, तो स्वतः 25 वॅटच्या आसपास खात बसतो, नऊ तासांत 225. एकूण 1,410. बॅटरीची ताकद कागदावर 12 गुणिले 150, म्हणजे 1,800 वॅट-अवर; पण ट्यूब्युलर टिकवायची असेल तर त्यातलं साधारण निम्मंच काढायचं. तीही पूर्ण भरलेली नव्हती. तीन वाजेपर्यंत चालली हेच नशीब.

हा हिशेब आधी केला असता तर पाच मिनिटांचं काम होतं. म्हणून आता माझा नियम आहे: कोणी व्हॅन घेऊन आलं की आधी कागद, मग कोटेशन. कागदावर तीन रकाने. वस्तू, वॅट, किती तास. वॅट गुणिले तास म्हणजे वॅट-अवर. 1,000 वॅट-अवर म्हणजे एक युनिट, तेच जे आपल्या वीजबिलात असतं. बिल वाचता येतं ना? मग हेही येतं.

त्याचा नवा कागद असा झाला. घरचा फ्रीज काढला, 12 व्होल्टवर थेट चालणारा 40 लिटरचा कॉम्प्रेसर फ्रीज घेतला. 45 वॅट, मालवणच्या उकाड्यात दिवसाचे 12 तास चालतो असं धरून 540. पंखेही 12 व्होल्टचे, 25 वॅटचे दोन, नऊ तास, 450. दिवे 100, मोबाईल 80, पाण्याचा पंप 25. पाहुण्यांपैकी एखादा लॅपटॉप उघडून बसतोच, त्याचे 120. बेरीज 1,315. वायर, चार्जिंग यांत जाणारं 15 टक्के धरून साधारण 1,500. इन्व्हर्टर आता फक्त लॅपटॉपपुरता चालू करायचा, बाकी वेळ बंद. स्वयंपाक गॅसवर. इंडक्शन आणि पाण्याची इलेक्ट्रिक किटली गाडीत ठेवायचीच नाही. पाहुणा दिसेल ते प्लगला लावतो, त्यात त्याचा दोष नाही.

आता बॅटरी. लिथियम घ्यायची तर एलएफपी, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट. 12.8 व्होल्ट 200 एएच म्हणजे 2,560 वॅट-अवर, त्यातलं 80 टक्के बिनधास्त वापरता येतं, म्हणजे 2,048. रोजचे 1,500 लागतात, तेव्हा सूर्य अजिबात दिसला नाही तरी सव्वा दिवस निघतो. महाग आहे, खरंय. पण 150 एएचची ट्यूब्युलर पन्नास किलोच्या वर जाते, चार्ज होताना गॅस सोडते आणि माणसं झोपतात त्याच डब्यात ती ठेवायची नसते. मी ठेवली होती.

पॅनलसाठी आपल्या किनाऱ्यावर सीझनमध्ये दिवसाचे पाच तास पूर्ण ऊन धरा. सकाळी सातचं ऊन आणि दुपारी बाराचं ऊन सारखं नसतं, म्हणून दिवसभराचं मिळून पाच. छतावर आडवं पडलेलं पॅनल, धूळ, खार, गरमी, सगळं वजा जाता 70 टक्के हाती लागतं. 1,500 भागिले साडेतीन, म्हणजे 430 वॅटच्या आसपास. आम्ही 540 वॅटचं एकच मोठं पॅनल घेतलं. सव्वादोन मीटर लांब आणि एक मीटरपेक्षा थोडं रुंद असतं, आधी छत मोजा. त्याला 50 अँपिअरचा एमपीपीटी चार्ज कंट्रोलर लागतो. स्वस्तातला पीडब्ल्यूएम लावला तर एवढ्या व्होल्टेजच्या पॅनलचे निम्म्याहून जास्त वॅट फुकट जातात. 22 सप्टेंबर 2025 पासून पॅनलवरचा जीएसटी 12 चा 5 टक्के झालाय, त्यामुळे जुनं कोटेशन असेल तर नवीन मागून घ्या. आणि हो, 'पीएम सूर्य घर'ची सबसिडी घराच्या छतासाठी आहे, गाडीच्या नाही. बॅचमध्ये दर वेळी कोणीतरी हे विचारतंच.

एवढं करूनही कोकणातली खरी अडचण राहतेच: पाहुण्याला सावली पाहिजे आणि पॅनलला ऊन. माडाखाली गाडी लावली तर झावळीची एक सावलीसुद्धा पॅनलचा मोठा भाग झोपवते. उन्हात लावली तर पत्र्याचा डबा तापतो आणि पंखा-फ्रीज जास्त ओढतात. यावर आम्ही दोन गोष्टी केल्या. घडी होणारं 200 वॅटचं एक सुटं पॅनल, दहा मीटर वायरीसकट, गाडी सावलीत आणि पॅनल वाळूत. आणि गाडीच्या अल्टरनेटरवरून भरणारा 30 अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर. मालवणहून वेंगुर्ल्याला जाताना दीड तास गाडी चालली तर जवळपास 585 वॅट-अवर आत येतात, आभाळ असलं तरी. मला विचाराल तर सुट्या पॅनलआधी हा चार्जर घ्या.

एसीचं काय? पुण्या-मुंबईचा पाहुणा पहिला प्रश्न हाच विचारतो, आणि धंद्याचं खरं गणित इथेच आहे. छोटा इन्व्हर्टर एसी रात्रभर सरासरी 500 वॅट धरला तरी आठ तासांत 4,000. आपले 1,500 मिळवून 5,500. म्हणजे सध्याच्या पावणेतीनपट बॅटरी आणि 540 ची तीन पॅनल, जी ट्रॅव्हलरच्या छतावर मावतच नाहीत. आमच्या अंदाजाने जादा खर्च 1,20,000 च्या घरात. तीन वर्षांत वसूल करायचा तर वर्षाला 40,000. त्याचा अंदाज वर्षाला 60 बुकिंगच्या रात्रींचा, त्यातल्या वीस जणांना एसी लागेल असं धरू. म्हणजे एसीच्या एका रात्रीला 2,000 रुपये नुसते बॅटरीचे.

त्याऐवजी त्याने देवबाग, भोगवे आणि कुणकेश्वरच्या तीन होमस्टेवाल्यांशी बोलणी केली. अंगणात गाडी, 15 अँपिअरचा एक प्लग, पाणी आणि बाथरूम, रात्रीचे 500 रुपये. एसी गाडीत आहे, पण फक्त प्लगवर चालणार, हे बुकिंगच्या वेळीच स्पष्ट लिहिलेलं. वीस रात्रींचे 10,000. ज्या रात्री पाहुणा एसीचे पैसे देतो त्याच रात्री खर्च. होमस्टेवाल्यांनो, तुम्हीही लक्ष द्या: राज्याने 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणलं, त्यात गाड्यांइतकाच विचार कॅराव्हॅन पार्कचाही आहे. आपला जिल्हा 1997 पासून पर्यटन जिल्हा म्हणवतो. ज्याच्याकडे जागा आहे त्याने गाडी न घेताही यातून कमवावं.

खाऱ्या हवेबद्दल मी लांबण लावत नाही, ते होडीवाल्यांना विचारा. कथील चढवलेली तांब्याची वायर, 316 स्टेनलेसचे नटबोल्ट, टर्मिनलला पेट्रोलियम जेली, पॅनल आठवड्यातून एकदा गोड्या पाण्याने धुणं. फ्यूज मात्र विसरू नका. बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतराच्या आतच बसवायचा, आणि घरातला एसी लाईनचा एमसीबी डीसीला चालत नाही. 1,000 वॅटचा इन्व्हर्टर 12 व्होल्टवर 90 अँपिअरच्या वर खेचतो; बारीक वायर लावली तर तीच हीटर होते. आम्ही 35 स्क्वेअर एमएमची वापरली, तीही जेमतेम मीटरभर. पावसाळ्यात गाडी उभी राहणार असेल तर लिथियम बॅटरी अर्धी भरलेली ठेवून जोडणी काढून ठेवा.

कागदपत्रांचं राहिलं. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे आरसीवरच्या नोंदीपेक्षा गाडी वेगळी करायची तर आधी आरटीओची परवानगी लागते. आमच्या पोराने आधी गाडी फोडली, मग चौकशी केली. विम्याचा क्लेम अडकतो तो इथेच, म्हणून त्याच्या कागदावर आता चौथा रकाना आहे. ते काम चालू आहे. तोवर गाडी भाड्याने द्यायची नाही, हे त्याने स्वतःच ठरवलंय. हप्ते मात्र चालू आहेत, त्यामुळे घाई आहे.

मधल्या काळात त्याने घरच्यांना घेऊन भोगव्याला दोन रात्री काढल्या, प्लग न लावता. सकाळी सहाला मला बॅटरीच्या ॲपचा फोटो पाठवला: 41 टक्के. खाली लिहिलेलं, "पंखे चालूच आसत."

ती जुनी ट्यूब्युलर मी पूर्ण किमतीला परत घेतली. आता ती माझ्या दुकानाच्या इन्व्हर्टरला आहे आणि झकास चालते. रिकाम्या कागदाचा नमुना व्हिडिओच्या खाली दिलाय. भरून आणा, मग बोलू.