निदान कशावरून ठरते?

वर्ध्याजवळच्या बोरगाव मेघेहून मनोविकार विभाग गाठायला फार लांब जावे लागत नाही. सावंगीचे आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय जवळ आहे, सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालयही.

पण तिथे नैराश्याचे निदान होते कसे? नैराश्य रक्ततपासणीत दिसत नाही. (थायरॉइड मात्र तपासतात, कारण त्याच्या बिघाडातही माणूस असाच मरगळतो.) जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या वर्गीकरणाप्रमाणे १० पैकी किमान ५ लक्षणे, बहुतेक रोज, कमीत कमी दोन आठवडे असावी लागतात, त्यांत खिन्नता किंवा कशातच रस न उरणे यांपैकी एक हवेच. शिवाय रोजचे व्यवहार अडायला हवेत.

निदान कशावरून ठरवायचे नाही, हे कायदाही सांगतो; मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ मधले कलम ३ घरोघरी माहीत असायला हवे. त्यानुसार समाजाच्या नैतिक, सांस्कृतिक किंवा धार्मिक समजुतींत न बसणे हा निदानाचा आधार होऊ शकत नाही, आणि पूर्वी उपचार घेतले एवढ्यावरून आज कुणाला आजारी ठरवता येत नाही.