पहिली बाईक घेताय? ॲक्सेसरीजच्या यादीत आधी काय हवं?

दसरा किंवा पाडवा जवळ आला की दुचाकीच्या शोरूममध्ये गर्दी होते. गाडीचा रंग ठरतो, कर्जाचे कागद होतात, ऑन-रोड किंमत पक्की होते. मग सेल्समन एक छोटी यादी पुढे सरकवतो. क्रॅश गार्ड, सीट कव्हर, टँक पॅड, टेफ्लॉन कोटिंग, बॉडी कव्हर. बेरीज काही हजारांवर जाते. आयुष्यातली पहिली गाडी, लाखभर गेलेच आहेत तर आणखी थोडे, असं म्हणून आपण मान डोलावतो.

ही यादी नीट वाचा. तिच्यातली जवळजवळ प्रत्येक वस्तू गाडीला जपते. गाडीवर बसणाऱ्याला जपणारं तिच्यात काहीच नसतं.

म्हणून पहिल्यांदा बाईक घेणाऱ्याने खर्चाचा क्रम आधीच ठरवावा. आधी माणूस, मग गाडी चालू ठेवणाऱ्या वस्तू आणि पैसे उरलेच तर शोभेच्या वस्तू.

हेल्मेट कसं निवडायचं?

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ लोकांचा मृत्यू झाला. त्यांतले ४४ टक्क्यांहून जास्त दुचाकीवरचे होते. मृतांपैकी ५०,०२९ जणांनी हेल्मेट घातलेलं नव्हतं. हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका साधारण ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा धोका ६९ टक्क्यांनी कमी होतो, असं अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या २००८ च्या कॉक्रेन आढाव्यात दिसून आलं.

हेल्मेटमधलं महत्त्वाचं काम आतला थर्माकोलचा जाड थर करतो. डोकं आपटतं तेव्हा हा थर दबतो आणि डोक्याला थांबायला काही मिलिसेकंद जास्त मिळतात. तेवढ्यानेच मेंदूला बसणारा हिसका कमी होतो. मात्र एकदा दबलेला थर्माकोल पुन्हा फुगत नाही. त्यामुळे अपघातात आपटलेलं हेल्मेट बाहेरून चकचकीत दिसलं तरी बदलायचं. गाडी उभी करून हेल्मेट आरशावर अडकवायची सवयही सोडा, कारण आरशाचं टोक त्याच थराला खड्डा पाडतं.

१ जून २०२१ पासून देशात आयएसआय चिन्ह नसलेलं दुचाकीचं हेल्मेट बनवायला आणि विकायला मनाई आहे. चिन्हासोबत आयएस ४१५१ हा मानक क्रमांक आणि उत्पादकाचा परवाना क्रमांक छापलेला असतो. रस्त्याकडेला मिळणाऱ्या दोन-तीनशे रुपयांच्या टोपीवजा हेल्मेटने फार तर दंड वाचेल.

माप घ्यायला शिवणकामाचा टेप पुरतो. भुवयांच्या थोडं वर, डोक्याचा घेर सर्वांत मोठा येईल तिथे टेप फिरवा आणि आलेले सेंटिमीटर साईज चार्टशी ताडून बघा. हेल्मेट घातल्यावर गाल किंचित दाबले गेले पाहिजेत. मान हलवली की हेल्मेट सोबत हललं पाहिजे, आत डोकं फिरता कामा नये. पट्टा लावून मागून वर आणि पुढे ढकलून बघा. निघून आलं तर ते तुमच्या मापाचं नाही. नवीन असताना थोडं घट्ट वाटणारं हेल्मेट वापराने सैल होतं. पहिल्याच दिवशी सैल असलेलं मात्र पुढे निरुपयोगी ठरतं.

हनुवटी झाकणारं फुल फेस हेल्मेट घ्या. अर्ध्या हेल्मेटमध्ये जबडा उघडाच राहतो. काच पारदर्शक निवडा. काळी काच दुपारी रुबाबदार दिसते, पण संध्याकाळी पाऊस सुरू झाला की समोरचा खड्डा दिसत नाही.

हात, पाय आणि अंगावर काय?

पडताना माणूस आपोआप हात पुढे टाकतो. तळहात डांबरावर घासला गेला की जेवण्यापासून शर्टाची बटणं लावण्यापर्यंत सगळं अडतं. म्हणून हेल्मेटनंतरची खरेदी हातमोज्यांची. तळव्यावर जाड किंवा कडक थर आणि मनगटाला घट्ट बसणारा पट्टा असलेले, पूर्ण बोटांचे मोजे बघा.

पायांसाठी घोटा झाकणारे बूट हवेत. रोजच्या ऑफिसच्या प्रवासाला रायडिंग बूट परवडत नसतील तर निदान चामड्याचे उंच बूट घाला आणि नाडीची टोकं आत खोचा. चपलेवर बाईक चालवणं म्हणजे पडल्यावर पायाची बोटं रस्त्याच्या हवाली करणं.

जॅकेट दुसऱ्या टप्प्यात घेतलं तरी चालेल, पण घाटात किंवा महामार्गावर नेमाने जाणार असाल तर लांबणीवर टाकू नका. आपल्या हवेत जाळीदार कापडाचं जॅकेट बरं. त्यात खांदे, कोपर आणि पाठीला संरक्षक पॅड असतात. त्यांवर सीई असं चिन्ह आणि लेव्हल १ किंवा लेव्हल २ लिहिलेलं असतं. लेव्हल २ पॅड धक्का जास्त शोषतो. पाठीचा कप्पा उघडून नक्की बघा, कारण स्वस्त जॅकेटमध्ये तिथे बरेचदा नुसता स्पंज असतो.

पावसाळ्यासाठी पँट आणि जॅकेट असा दोन भागांचा रेनकोट घ्या. पोंचोचा घोळ वाऱ्याने उडून चाकात किंवा चेनमध्ये जाऊ शकतो. रंग भडक असू द्या. मुसळधार पावसात मागच्या ट्रकवाल्याला काळा रेनकोट दिसत नाही.

गाडीसाठी खरंच काय लागतं?

फार थोडं. टायरमधली हवा तपासायचा छोटा गेज, चेनला लावायचा स्प्रे आणि चांगलं कुलूप. हवा किती हवी ते गाडीच्या पुस्तिकेत आणि बहुतेक गाड्यांच्या स्टिकरवर असतं. मागे कुणी बसणार असेल तर मागच्या टायरचा आकडा वेगळा असतो. चेनला साधारण पाचशे किलोमीटरवर आणि पावसात भिजल्यावर वंगण द्या. पंक्चर किट घेण्याआधी टायर ट्यूबलेस आहे का बघा, कारण ट्यूबच्या टायरला त्या दोऱ्या चालत नाहीत.

क्रॅश गार्ड उपयोगी आहे, पण मर्यादित. उभी गाडी कलंडली किंवा कमी वेगात घसरली तर इंजिन वाचतं आणि पाय अडकायची शक्यता कमी होते. वेगातल्या धडकेत त्याच्यावर भिस्त ठेवू नका.

साडी गार्ड मात्र शोभेसाठी काढून टाकू नका. मागच्या चाकाचा निम्मा भाग झाकणारं संरक्षण, मागच्याला धरायला हँडल आणि पाय ठेवायला फूटरेस्ट असणं केंद्रीय मोटार वाहन नियम १२३ नुसार बंधनकारक आहे. ओढणी किंवा पदर चाकात जाऊन होणारे अपघात यानेच टळतात.

काय टाळायचं?

वायरिंग कापून बसवलेले एलईडी दिवे, मोठा आवाज करणारा सायलेन्सर आणि कंपनीने दिलेल्या मापापेक्षा रुंद टायर. वायरिंग कापली की वॉरंटीवर पाणी सोडावं लागू शकतं. मूळ रचनेत फेरफार करण्यावर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ची बंधनं आहेत. मोबाईल होल्डर घ्यायचा असेल तर कंपन शोषणारा घ्या. मोठ्या इंजिनच्या बाईकच्या कंपनांनी आयफोनचा कॅमेरा खराब होऊ शकतो, असा इशारा ॲपलनेच २०२१ साली दिला होता.

विम्याचा कागदही एकदा वाचा. नव्या दुचाकीला थर्ड पार्टी विमा पाच वर्षांचा असतो. पण तुमच्या गाडीच्या नुकसानीचा विमा बरेचदा एकाच वर्षाचा असतो आणि तो संपल्याचं लक्षातच येत नाही. बाहेरून बसवलेल्या ॲक्सेसरीज पॉलिसीत नोंदवल्या नसतील तर त्यांची भरपाई मिळत नाही. मालक-चालकाचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा आहे ना, हेही बघा.

आणि मागे बसणाऱ्याचं काय?

हेल्मेटविना मृत्यू झालेल्या त्या ५०,०२९ जणांमध्ये १४,३३७ जण मागे बसलेले होते. गाडी त्यांच्या हातात नव्हती, ब्रेकही नव्हता. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ नुसार मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट सक्तीचं आहे. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलासाठी चालकाला बांधणारा हार्नेस, डोक्याला नीट बसणारं हेल्मेट आणि ताशी ४० किलोमीटरची वेगमर्यादा असा वेगळा नियम फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे.

नवी दुचाकी विकताना बीआयएस मानकाचं एक हेल्मेट सोबत द्यावं, असं केंद्रीय मोटार वाहन नियम १३८ सांगतो. ते शोरूममध्ये मागून घ्या आणि आयएसआय चिन्ह तपासा. पण ते मागच्या सीटवर बसणाऱ्याच्या मापाचं असेलच असं नाही. म्हणून गाडीची किल्ली घ्यायला जाताना आई, बायको, बहीण, जी व्यक्ती रोज मागे बसणार आहे, तिला सोबत न्या. सीट कव्हरचा रंग नंतर ठरवता येईल, आधी तिच्या डोक्याचं माप घ्या.