परसातले ट्रॅक्टर

अमेरिकेतला ‘गार्डन ट्रॅक्टर’ म्हणजे बसून गवत कापायचं यंत्र, अशी आपल्याकडे समजूत असते. आजच्या दुकानांत मांडलेले नमुने पाहिले तर ती फारशी चूकही नाही. पण १९६० च्या आसपास विस्कॉन्सिन, इंडियाना, केंटकी या राज्यांतल्या कारखान्यांतून जे गार्डन ट्रॅक्टर बाहेर पडत होते, ते खरेखुरे ट्रॅक्टर होते. वजन तीनशे किलोच्या आसपास, पोलादी चॅसी, बिडाचा गिअरबॉक्स, बिडाचं एका सिलिंडरचं इंजिन आणि मागे नांगर जोडायची सोय. उंचीला माणसाच्या कमरेइतका, पण दहा इंची नांगर ओढत जमीन उलथून टाकणारा. साठ वर्षांनंतरही यातले हजारो ट्रॅक्टर चालू आहेत. भंगारवाल्याच्या आवारातून, पडक्या गोठ्यांतून, म्हाताऱ्या शेजाऱ्याच्या शेडमधून ते ओढून आणणारी आणि गॅरेजमध्ये महिनोन् महिने त्यांच्याशी झटणारी हौशी माणसं तिथे गावोगाव आहेत.

या छंदाला लोक जुन्या दिवसांची ओढ म्हणतात. ती आहेच. पण माझ्या मते त्याचं खरं मूळ यंत्राच्या बांधणीत आहे. हे ट्रॅक्टर उघडता येतात. ते कधी ना कधी उघडले जाणार, आणि उघडणारा बहुधा मालकच असणार, हे धरूनच ते बनवले होते.

दुसरं महायुद्ध संपल्यावर अमेरिकेत शहरांभोवती उपनगरं पसरली. परतलेल्या सैनिकांना घरासाठी सरकारी हमीची कर्जं मिळाली आणि शहराबाहेर अर्ध्या-एक एकरात घर बांधणं अनेकांच्या आवाक्यात आलं. एवढ्या जमिनीला शेतीचा मोठा ट्रॅक्टर परवडत नाही, आणि हातानं ती आवरतही नाही. उन्हाळाभर गवत वाढतं, भाजीसाठी तुकडा नांगरावा लागतो, हिवाळ्यात दारापासून रस्त्यापर्यंतचा बर्फ रोज ढकलावा लागतो. यातली कित्येक माणसं शेतावर वाढलेली होती. त्यांना ट्रॅक्टरच हवा होता, फक्त लहान.

लहान यंत्रांची परंपरा त्याआधीची आहे. बेंजामिन फ्रँकलिन ग्रेव्हली हा वेस्ट व्हर्जिनियातला व्यवसायानं छायाचित्रकार. स्वतःच्या बागेसाठी त्यानं मोटारसायकलचे भाग वापरून मागून चालत हाकायचा एक मोटार-नांगर बनवला आणि १९१६ साली त्याचं पेटंट घेतलं. डनबार गावात निघालेल्या त्याच्या कारखान्यातली यंत्रं पट्ट्यावर नव्हे, गिअरांवर चालत, आणि ग्रेव्हली गोळा करणारे आजही हे अभिमानानं सांगतात. इंडियानातल्या साउथ बेंडमध्ये एल्मर पाँड यांनी १९४६ साली घरच्या गॅरेजात लहान ट्रॅक्टर जोडायला सुरुवात केली. मुलगा सेसिल यानं तो धंदा वाढवला आणि त्यातून लाल रंगाचा ‘व्हील हॉर्स’ उभा राहिला. त्याच्या चाहत्यांचा मेळा दर वर्षी जूनमध्ये पेन्सिल्व्हेनियातल्या एरंट्सव्हिल गावी भरतो.

पण मला सर्वांत जास्त बोलायचं आहे ते ‘कब कॅडेट’बद्दल. इंटरनॅशनल हार्वेस्टर ही शेतीयंत्रांतली बडी कंपनी. केंटकीतल्या लुईव्हिल शहरात, युद्धकाळात विमानं बनवणाऱ्या एका कारखान्यात, ती १९४७ पासून ‘फार्मॉल कब’ हा आपला सर्वांत लहान शेती ट्रॅक्टर बनवत होती. १९६१ साली तिनं त्याच कारखान्यातून कब कॅडेट बाजारात आणला. त्याचा गिअरबॉक्स फार्मॉल कबच्याच गिअरांवर बेतलेला होता, तीन गिअर पुढचे आणि एक मागचा. शेतात दिवसभर राबायला केलेले गिअर आता सात अश्वशक्तीच्या इंजिनामागे आले. ते झिजणार कधी? पन्नास-साठ वर्षं उघड्यावर पडलेल्या कब कॅडेटचा गिअरबॉक्स उघडला की पुष्कळदा जुनं तेल काढून नवं भरण्यापलीकडे काही करावं लागत नाही. दोन वर्षांनी, १९६३ मध्ये, जॉन डिअरनं विस्कॉन्सिनमधल्या होरिकॉनच्या कारखान्यातून आपला ‘११०’ आणला आणि स्पर्धा रंगली.

या कंपन्यांना शेतकऱ्याचा स्वभाव आणि त्याची अडचण माहीत होती. हंगामात यंत्र बंद पडलं तर तो कारागिराची वाट पाहत बसत नाही, पाना घेऊन स्वतःच आडवा होतो. उपनगरातल्या गिऱ्हाइकालाही त्यांनी तसंच वागवलं. यंत्रासोबतच्या पुस्तिकेत ठिणगीची वेळ साधणारे पॉइंट कसे साफ करायचे, क्लचच्या पेडलला किती खेळ ठेवायचा, ग्रीस कुठे कुठे भरायचं, हे चित्रांसह दिलेलं असे. सुट्या भागांच्या पुस्तकात प्रत्येक वॉशरला स्वतंत्र क्रमांक होता. ती पुस्तकं आज हौशी मंडळी जपून ठेवतात, स्कॅन करून एकमेकांना देतात, आणि त्या क्रमांकांवरूनच भागांचा शोध घेतात.

आता इंजिन. कब कॅडेट, जॉन डिअर, व्हील हॉर्स, रंग कोणताही असो, बोनेटखाली बहुधा कोहलरचं ‘के’ मालिकेतलं इंजिन सापडतं. आपल्याकडे नळांवर आणि बेसिनवर दिसणारं नाव तेच हे. विस्कॉन्सिनमधल्या या कंपनीनं एकोणिसाव्या शतकात बिडावर मुलामा चढवून न्हाणीचे टब केले, तेव्हा बीड ओतण्यात तिचा हात आधीच बसलेला होता. के-१६१ सात अश्वशक्तीचं, के-१८१ आठ, के-२४१ दहा, के-३०१ बारा, आणि के-३४१ सोळा. सगळी हवेनं थंड होणारी, एकाच सिलिंडरची. व्हॉल्व हेडमध्ये नसून सिलिंडरच्या शेजारी ब्लॉकमध्येच बसवलेले, त्यामुळे हेड म्हणजे नुसतं झाकण. बोल्ट काढले की पिस्टन आणि दोन्ही व्हॉल्व समोर. सिलिंडर झिजला तर तो लेथवाल्याकडे बोअर करून घ्यायचा आणि एका इंचाचे दहा, वीस किंवा तीस हजारांश भाग मोठा पिस्टन घालायचा. म्हणजे एकच ब्लॉक तीनदा नवा होऊ शकतो. आजच्या बहुतेक लहान इंजिनांना पहिल्या झिजेतच टाकून देतात.

या इंजिनातली एक खोड मात्र जाणकार पहिल्यांदा विचारतात. दहा अश्वशक्ती आणि वरच्या इंजिनांत कंप कमी व्हावा म्हणून कोहलरनं आत बॅलन्स गिअर बसवले होते. ते पन्नास वर्षांनी तुटतात, आणि तुटलेला तुकडा ब्लॉकला आतून भोक पाडू शकतो. म्हणून इंजिन पूर्ण उघडलंच तर पुष्कळ जण ते काढूनच टाकतात. थोडा कंप वाढतो, पण ब्लॉक वाचतो. मला हे पटतं. जुन्या यंत्राचा प्रत्येक मूळ भाग जपायलाच हवा असा हट्ट यंत्राच्याच मुळावर येतो.

गोठ्यातून आणलेल्या ट्रॅक्टरचं इंजिन बहुधा जाम असतं. अनुभवी माणूस घाई करत नाही. प्लग काढून सिलिंडरमध्ये डिझेल, किंवा ॲसिटोन आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल यांचं मिश्रण ओततो आणि आठवडाभर सोडून देतो. मग फ्लायव्हील हातानं किंचित पुढे, किंचित मागे. पिस्टनवर हातोडा घालणारा रिंगा मोडून बसतो. दरम्यान इंजिनावरचं पत्र्याचं आवरण काढायचं, कारण त्याखाली जवळपास हमखास उंदराचं घरटं असतं. गवत, चिंध्या, धान्याची टरफलं. ते तसंच ठेवून इंजिन चालवलं तर हवा फिरत नाही आणि सिलिंडर भाजून निघतो. पेट्रोलच्या टाकीत जुन्या पेट्रोलचा चिकट थर, कार्बोरेटरच्या बारीक भोकांत तोच, पॉइंटवर गंज. पॉइंट पॉलिश पेपरनं घासायचे, फिलर गेजनं त्यांचं अंतर वीस हजारांश इंच ठेवायचं, आणि फ्लायव्हीलवरची ‘एस’ ही खूण नेमक्या जागी आली असताना ते उघडायला लागतात का, हे छोटा दिवा लावून पाहायचं. एवढं झालं आणि ठिणगी निळी पडली, की बहुतेक कोहलर पहिल्या-दुसऱ्या दिवशी बोलू लागतात.

स्टार्टरचीही गंमत आहे. त्या काळच्या बऱ्याच गार्डन ट्रॅक्टरांत स्टार्टर आणि जनरेटर एकच. पट्ट्यानं इंजिनाला जोडलेलं ते यंत्र आधी बॅटरीवर इंजिन फिरवतं आणि इंजिन लागलं की तेच बॅटरी चार्ज करतं. त्याला वंगण द्यायचं, कार्बनचे ब्रश बदलायचे, आणि तारा सोडून पुन्हा जोडल्या असतील तर क्षणभर विजेचा स्पर्श देऊन त्याची चुंबकीय दिशा ठरवायची. ही शेवटची पायरी विसरली तर बॅटरी चार्जच होत नाही.

गंज काढायची सर्वांची आवडती रीत विजेची आहे. प्लॅस्टिकचा टब, पाणी, मूठभर धुण्याचा सोडा, बॅटरी चार्जर. गंजलेला भाग ऋण टोकाला, धन टोकाला लोखंडाची टाकाऊ सळई. रात्रभरात गंज सुटून येतो आणि खालचं लोखंड झिजत नाही. हे उघड्यावरच करायचं, कारण त्यातून हायड्रोजन निघतो. आणि सळई स्टेनलेसची कधीच वापरायची नाही, कारण त्यातलं क्रोमियम पाण्यात विषारी रूपात उतरतं.

रंगाचा प्रश्न आला की हौशी मंडळींत दोन तट पडतात. एक म्हणतो, कारखान्यातून निघाला त्या दिवसासारखा चकचकीत करा. दुसरा म्हणतो, पहिल्या मालकाच्या बुटांनी जिथे रंग गेला आहे तिथे तो गेलेलाच राहू द्या, फक्त यांत्रिक भाग दुरुस्त करा. मी दुसऱ्या बाजूचा आहे, पण अपवाद मान्य करतो. जॉन डिअरनं १९६९ च्या सुमारास आपला हिरवा सोडून पांढऱ्या ट्रॅक्टरांवर लाल, नारिंगी, पिवळं किंवा निळं बोनेट आणि त्याच रंगाची सीट देऊ केली. गिऱ्हाइकांनी काही वर्षांतच तो प्रकार नाकारला, आणि आता संग्राहक तेच रंग शोधत फिरतात. तिथे मूळ छटा हुबेहूब जुळवण्याला अर्थ आहे.

याच काळातला, मला फार महत्त्वाचा वाटणारा प्रयोग जनरल इलेक्ट्रिकचा. न्यूयॉर्क राज्यातल्या स्केनेक्टडीत त्यांनी ‘इलेक-ट्रॅक’ नावाचा विजेवर चालणारा गार्डन ट्रॅक्टर काढला. सहा व्होल्टच्या सहा बॅटऱ्या, एकूण ३६ व्होल्ट. गवत कापायच्या जोडणीला स्वतःच्या वेगळ्या मोटारी. १९७० च्या दशकाच्या मध्यापर्यंत तो संपला, पण चॅसी आणि मोटारी इतक्या मजबूत की जुन्या बॅटऱ्या काढून नव्या लिथियम बॅटऱ्या घातलेले इलेक-ट्रॅक आजही गवत कापतात.

या सगळ्या खटाटोपाचा दिवस असतो नांगरणीचा. पीक निघालेलं शेत एखादा शेतकरी देतो आणि आसपासच्या गावांतून ट्रेलरवर ट्रॅक्टर येतात. मागे जोडलेला नांगर पुष्कळदा ब्रिन्लीचा. लुईव्हिलच्या या कंपनीची सुरुवात १८३९ ची. उजवं चाक आधीच्या तासात चालतं, म्हणून ट्रॅक्टर आणि वर बसलेला माणूस दोघेही तिरके. चाक जागीच फिरू नये म्हणून त्याला बिडाची वजनं लावतात, साखळ्या घालतात, टायरमध्ये पाणी भरतात. थंडीत ते गोठू नये म्हणून पूर्वी त्यात कॅल्शियम क्लोराइड घालत. पण ते गळलं की रिम खाऊन टाकायचं. म्हणून आता काही जण बिटाच्या रसापासून केलेलं द्रावण भरतात. पहिलं तास सरळ गेलं तर पुढची सरळ जातात, त्यामुळे पहिलं तास सहसा म्हाताऱ्यांकडे. दहा-बारा वर्षांची मुलं मागून शिकतात. फाळाची खोली अर्धा इंच कमी-जास्त झाली तर इंजिनाचा आवाज कसा बदलतो, हे त्यांना कुणी समजावून सांगावं लागत नाही.

इंटरनॅशनल हार्वेस्टरनं १९८१ साली कब कॅडेट दुसऱ्या कंपनीला विकला. नाव टिकलं, पण लुईव्हिलच्या गिअरबॉक्सचे ट्रॅक्टर घरोघरच्या कामासाठी पुढे महागच पडले. हलके पत्रे आणि बंद ट्रान्समिशन आले.

त्याच इंटरनॅशनल हार्वेस्टरचं आपल्याशीही नातं आहे. १९६३ साली तिनं महिंद्र आणि व्होल्टास यांच्याबरोबर इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया काढली आणि मुंबईत कांदिवलीला बी-२७५ बनू लागला. चार सिलिंडरचं डिझेल इंजिन आणि लुईव्हिलच्या लहान भावासारखीच उघडून दुरुस्त करायची बांधणी. ‘२७५’ हा आकडा महिंद्रच्या ट्रॅक्टरवर अजून आहे. पण पहिल्या बी-२७५ ची सुट्या भागांची पुस्तकं कुणी जपली आहेत? त्यांवर काम केलेले फिटर आता ऐंशीच्या घरात असतील. अमेरिकेतल्या हौशी मंडळींनी स्वखर्चानं, गॅरेजात बसून जे केलं, ते इथे करायला एखादी शेड, एक चांगला लेथवाला आणि त्या फिटरांचे पत्ते एवढंच लागेल, आणि पत्ते मिळवायचं काम आधी करायला हवं.